दुर्बीण आणि चाप



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर आम्हांला नवल वाटणार नाही. वसंतातल्या संध्याकाळी संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण यांवर ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे, शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण कोणती बसवावी आणि तिचा चाप कसा सुधारावा, हे कोणी कशासाठी सांगावे? शिवाय आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून शिकार करणे बंद झाले आहे, आणि ते बंद झाले हे योग्यच झाले, असे आमचेही मत आहे. तेव्हा कोणालाही रानात धाडण्यासाठी आम्ही येथे उभे नाही.

परंतु जगात सर्वत्र ही स्थिती नाही. अमेरिकेत आज एक कोटीहून अधिक माणसे परवाना घेऊन शिकारीला जातात. तेथील पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांतून लांडगा आणि प्यूमा गेल्या दोन शतकांत नाहीसे झाले, हरणे मात्र वाढत गेली. त्यांची संख्या आवरण्याचे काम ती राज्ये ठरावीक हंगामातल्या शिकारीवर सोपवतात. शस्त्रे व काडतुसे यांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या एका कायद्याने वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळवला आहे. आपल्यातल्या कित्येकांची मुले आज त्या देशात नोकरीस आहेत. कचेरीतले सहकारी नोव्हेंबरात रजा टाकून हरणामागे जातात, आणि उरलेले वर्षभर दुर्बिणीच्या नि चापाच्या गोष्टी करतात, हे ती मुले घरी सांगत असतात. त्या गोष्टींत एक असा प्रश्न दडलेला आहे की तो शिकाऱ्याइतकाच मोटार हाकणाऱ्यालाही लागू पडतो. साधन सुधारले म्हणजे ते वापरणाऱ्याची जबाबदारी किती हलकी होते? आम्ही आज या प्रश्नाकडे रायफलीच्या निमित्ताने पाहणार आहोत.

प्रथम पणाला काय लागलेले असते ते ध्यानात घेऊ. पांढऱ्या शेपटीचे अमेरिकन हरीण घ्या. त्याच्या छातीत काळीज व फुप्फुसे जेथे असतात ती जागा साधारण आठ इंच व्यासाची, म्हणजे आपल्या एका भाकरीएवढी असते. गोळी त्या भाकरीत पडली तर जनावर थोड्याच अंतरात कोसळते. तीच गोळी वीतभर मागे पोटात लागली तर ते जंगलात निघून जाते, आणि त्याचा अंत व्हायला कित्येक तास लागतात. शिकारी शोध घेतो, पुष्कळदा त्याला ते सापडतही नाही. म्हणून ज्याला ही गोष्ट करावयाचीच आहे त्याच्यावर एक बंधन येते, ते हे की गोळी त्या भाकरीतच पडली पाहिजे, आणि ती खात्री नसेल तर ती सुटताच कामा नये. दुर्बीण आणि चाप यांचा सारा विचार या बंधनाच्या आत राहून करावयाचा आहे.

रायफलीत माणसाचा हात नि डोळा जेथे यंत्राला भिडतात अशा जागा मुख्यतः दोन. डोळा भिडतो नेमाला, बोट भिडते चापाला. नळी कितीही सरळ असो, काडतूस कितीही उत्तम असो, या दोन जागी माणसाची चूक आत शिरते. त्यामुळे शिकारी पैसे खर्चतो ते येथेच, आणि तो खर्च वावगा नाही. चुकते ते प्रमाण.

दुर्बिणीपासून आरंभ करू. जुन्या रायफलीवर नळीच्या टोकाशी माशी आणि मागे खाच असे. माशी, खाच आणि जनावर या तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी डोळ्याने एकाच वेळी पाहावयाच्या, आणि डोळ्याला तर एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते. चाळिशी लागली की खाच अंधुक होते, हे येथे चष्मा लावून बसलेल्यांना निराळे सांगावयास नको. दुर्बिणीने हा घोळ मिटवला. तिच्यात नेमाची फुली आणि जनावर एकाच पातळीवर दिसतात. १९३० साली विल्यम वीव्हर या अमेरिकन कारागिराने बेताच्या किमतीची दुर्बीण विकावयास काढली, तेव्हापासून हे साधन सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात येऊ लागले. पुढे दुर्बिणीची नळी हवाबंद करून तीत नायट्रोजन भरण्याची युक्ती निघाली आणि थंडीत काचा आतून धुरकट होण्याची मोठी तक्रार दूर झाली.

आज दुकानात गेलेल्या माणसाला दुर्बिणीवर ३-९×४० असे आकडे दिसतात. पहिले दोन आकडे सांगतात की वस्तू तीनपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसेल. शेवटचा आकडा हा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरांत. गिऱ्हाइकाचे लक्ष जाते ते पटीकडे. नऊपट चांगली, तर चोवीसपट किती चांगली असेल, असा त्याचा हिशेब. परंतु प्रत्येक पटीची किंमत मोजावी लागते, आणि ती तीन प्रकारे. शंभर यार्डांवर तीनपटीत तीस-तेहतीस फूट रुंदीचे रान दिसते, नऊपटीत बारा-चौदा फुटांचे. म्हणजे झाडीतून अचानक बाहेर पडलेले हरीण मोठ्या पटीच्या दुर्बिणीत सापडतच नाही. दुसरे असे की दृश्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. फुली थरथरताना पाहून माणूस घाबरतो आणि चापाला हिसका देतो. तिसरी किंमत उजेडाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाची शिकार सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळात करता येते, आणि हरणे हिंडतात ती नेमकी या वेळेच्या दोन टोकांना. म्हणजे दुर्बिणीची परीक्षा तिन्हीसांजेला होते, दुकानातल्या दिव्याखाली होत नाही. येथे एक सोपा भागाकार उपयोगी पडतो. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा. जो आकडा येईल तेवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत दुर्बिणीच्या मागच्या काचेतून डोळ्यात येतो. चाळीसला चारने भागले तर दहा मिलिमीटर, नऊने भागले तर साडेचारही नाही. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटर उघडते. साठीच्या माणसाची बहुधा पाचाच्या आसपास. झोत बाहुलीहून बारीक झाला की दृश्य काळवंडते. म्हणून चाळीसची दुर्बीण घेऊन संध्याकाळी नऊपटीवर बसणारा माणूस स्वतःच्या हाताने दिवा बारीक करीत असतो. पट सहावर आणली की त्याला तेच हरीण पुन्हा दिसू लागते.

जर्मनीत हा भागाकार फार पूर्वीपासून पचनी पडलेला आहे. तेथे शिकारी उंच माचाणावर बसून रानडुकराची वाट पाहतो. तेथील कायद्याने इतर खुरी जनावरांची रात्रीची शिकार मना केली आहे, रानडुकराची नाही. तेव्हा त्याचे काम अंधारातच चालते. म्हणून त्याची आवडती दुर्बीण ८×५६ ची. छप्पन भागिले आठ, बरोबर सात. तीत पट बदलण्याची सोय नसते, पण बाहुली पूर्ण उघडली तरी ती भरून निघेल एवढा उजेड असतो. तीच दुर्बीण दाट झाडीत पायी फिरणाऱ्याला मात्र ओझे होईल. पुढची काच मोठी, म्हणून दुर्बीण नळीपासून उंच बसवावी लागते. ती उंच बसली की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. आणि गाल उचलला की नेमाची बैठक मोडते. तात्पर्य, उत्तम दुर्बीण अशी वस्तू नसते. कोठे बसावयाचे, किती उजेडात पाहावयाचे आणि किती अंतरावर, हे आधी ठरते, आणि मग दुर्बीण ठरते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. डोळा मागच्या काचेपासून साधारण साडेतीन इंच दूर राहिला पाहिजे. तो जवळ गेला तर बाराच्या धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवई फोडते. दुर्बीण ज्या कड्यांनी रायफलीवर आवळतात त्या कड्या आणि त्यांचे स्क्रू यांवर काटकसर करू नये, कारण महागडी काच ढिल्या कडीत बसवली तर ती प्रत्येक बाराला निराळीकडे पाहते. आणि ज्या काडतुसाने शिकार करावयाची त्याच काडतुसाने, हंगामापूर्वी, मैदानावर कागदावर गोळ्या टाकून नेम जुळवून घ्यावा. प्रवासात रायफल आपटली असेल तर पुन्हा जुळवावा.

आता दुर्बिणीच्या दोन फसवणुकी सांगतो. पहिली अशी की ती हरीण जवळ आणते, गोळीला जवळ आणीत नाही. अमेरिकन शिकाऱ्यांचे जुने आवडते काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, जे १९०६ साली तेथील सैन्याने स्वीकारले. त्याची १८० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर बरोबर पडेल असा नेम जुळवला, तर तीनशे यार्डांवर ती आठ-नऊ इंच खाली पडते आणि चारशे यार्डांवर सुमारे दोन फूट. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असेल तर तीनशे यार्डांवर ती सहा-सात इंच बाजूला जाते. भाकरी आठ इंचांची, तिच्या मधोमध नेम धरला तरी कडेपर्यंत चारच इंच. दुर्बिणीत मात्र चारशे यार्डांवरचे हरीणही अंगणात उभे असल्यासारखे दिसते. डोळ्याला दिसते तेथपर्यंत हात पोचतो असे मानणे, हा त्या काचेने निर्माण केलेला भ्रम आहे.

दुसरी फसवणूक अधिक भयंकर. झुडपात काही हलले की ते काय आहे हे पाहण्यासाठी माणूस दुर्बीण डोळ्याला लावतो. परंतु ही दुर्बीण रायफलीवर बसवलेली आहे. ती जिकडे पाहते तिकडे नळीचे तोंड असते. झुडपात हरणाऐवजी दुसरा शिकारी निघाला, तर त्याला ओळखण्याआधीच आपण त्याच्यावर भरलेली रायफल रोखलेली असते. म्हणून जाणते शिकारी गळ्यात निराळी, दोन डोळ्यांची दुर्बीण बाळगतात. ओळख त्या दुर्बिणीने पटवावयाची; रायफलीवरची दुर्बीण फक्त निर्णय झाल्यावर वापरावयाची. आमच्या मते ज्याच्यापाशी पैसे मोजकेच आहेत त्याने रायफलीवर साधी चारपटीची दुर्बीण बसवावी आणि वाचलेल्या पैशांतून ही गळ्यातली दुर्बीण घ्यावी.

आता चापाकडे वळू. आपण बोलताना 'बंदुकीचा घोडा दाबला' असे म्हणतो. पण घोडा म्हणजे ठोका मारणारा भाग, आणि बोटाखाली येतो तो चाप. चापाच्या वर एक पोलादी खिटी असते. ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावू पाहणाऱ्या फायरिंग पिनला ती अडवून धरते. बोटाने चाप ओढला की खिटीचा आधार निसटतो आणि पिन काडतुसावर आदळते. ज्या दोन कडांवर हा सारा भार तोललेला असतो त्यांची एकमेकींवरची पकड कित्येक रायफलींत अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असते. ही गोष्ट विसरू नका. पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

चाप सुधारावा असे शिकाऱ्याला का वाटते? दुर्बिणीसह रायफलीचे वजन साधारण आठ पौंड भरते. चाप ओढावयास सात पौंडांचा जोर लागत असेल, तर माणूस जवळजवळ रायफलीच्या वजनाएवढ्या जोराने ती एका बोटाने ओढत असतो. फुली हलणारच. तीन पौंडांचा चाप असेल तर हे हलणे पुष्कळ कमी होते. शिवाय वजनाहूनही महत्त्वाचा आहे तो चापाचा स्वभाव. वाईट चाप आधी खरखरत सरकतो, मध्येच अडतो, मग केव्हा तरी सुटतो, आणि सुटल्यावरही बोट मागे धावतच राहते. चांगला चाप मुळीच सरकत नाही. जोर वाढत वाढत जातो आणि वाळलेली काटकी मोडावी तसा तो एकदम सुटतो. असा स्वच्छ सुटणारा चार पौंडांचा चाप, खरखरणाऱ्या अडीच पौंडांच्या चापापेक्षा अचूक ठरतो. नवा शिकारी वजन विचारतो. त्याने विचारावयास हवे ते हे, की तो सुटतो कसा.

अमेरिकेत बरीच वर्षे कारखाने चाप मुद्दाम जड ठेवीत, कारण हलक्या चापाने अपघात झाला तर कोर्टात उभे राहावे लागे. म्हणून चाप निराळा विकत घेऊन बसवण्याचा धंदाच उभा राहिला. टिम्नी ही त्यांतली प्रसिद्ध कंपनी १९४६ पासूनची. पुढे २००२ च्या सुमारास सॅव्हेज कंपनीने असा चाप काढला की मालकाला त्याची ओढ स्वतः कमीजास्त करता येते, पण चापाच्या मधोमध बसवलेले पाते बोटाने दाबल्यावाचून खिटी पिनला सोडीतच नाही. हलकेपणाला पहारा बसवण्याची ही तोड उत्तम होती, आणि इतर कारखान्यांनीही मग आपापल्या परीने चाप सुधारले.

किती हलका चाप बरा? येथे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे आठवतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल, तीन पवित्रे, या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात नेमाला दुर्बीण लावण्यास मनाई आहे, पण चापाला किमान वजनाची अट नाही. नुसता स्पर्श व्हावा आणि गोळी सुटावी इतका हलका चाप तेथे चालतो. कारण तेथे नळी सदैव निशाणाकडे, मागे मातीचा नाही तर भिंतीचा आडोसा, आणि पंचाच्या आज्ञेवाचून काडतूसही भरता येत नाही. शिकारी मात्र बर्फात घसरतो, कुंपण ओलांडतो, माचाणावर चढतो. त्याच्या बोटांवर जाड हातमोजा असतो, बोटे गारठून बधिर झालेली असतात, आणि हरीण दिसताच छाती धडधडू लागलेली असते. अशा बोटाला तीन-साडेतीन पौंडांखालचा चाप देणे आम्हांला रास्त वाटत नाही. मैदानावर जो गुण असतो तोच रानात अवगुण होऊ शकतो.

आणि चाप घरी बसून कानशीने घासून हलका करू नये. खिटीच्या कडांना वरून कडक पोलादाचे पातळ कवच दिलेले असते. ते घासून गेले की खालचे मऊ पोलाद झिजू लागते, आणि आज सुरेख वाटणारा चाप सहा महिन्यांनी आपोआप सुटतो. बदलावयाचा तर अख्खा चाप बदलावा, तोही जाणत्या कारागिराकडून, आणि मग रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोराने आपटून, दस्ता रबरावर ठोकून, सेफ्टी लावून चाप ओढून आणि सोडून पिन जागची हलत नाही ना, हे पाहावे.

परंतु जाणत्या कारागिरावर तरी विसंबावे काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. १९४८ साली रेमिंग्टन या जुन्या कंपनीने मॉडेल ७२१ ही रायफल काढली. तिचा चाप माइक वॉकर या कुशल अभियंत्याने रचला होता. तो स्वच्छ सुटे, हलका असे, स्वस्तही पडे. १९६२ पासून मॉडेल ७०० मध्येही तोच चाप आला, आणि कारखान्यातून इतका चांगला चाप मिळतो म्हणून शिकाऱ्यांनी त्या रायफलीला डोक्यावर घेतले. या चापात खिटीला आधार देणारा एक सुटा पोलादी तुकडा होता; दर बाराला तो क्षणभर बाजूला होई आणि पुन्हा जागेवर येई. पुढे कोर्टात तज्ज्ञांनी असे मांडले की कचरा, गंज किंवा गोठलेले तेल मध्ये अडकले तर तो तुकडा पुरता जागेवर येत नाही, आणि मग सेफ्टी काढताच, बोट चापाला न लागता, गोळी सुटू शकते. कंपनीने रचनेत दोष आहे हे कधी मान्य केले नाही. निगा न राखणे, मालकांनी चापाशी केलेली ढवळाढवळ आणि निष्काळजी हाताळणी ही तिने सांगितलेली कारणे. तथापि खुद्द वॉकर यांनीच १९४८ साली एक सुधारणा सुचवली होती आणि तिला दर रायफलीमागे साडेपाच सेंट खर्च येणार होता, हे कंपनीच्या जुन्या कागदांवरून सीएनबीसी या दूरचित्रवाहिनीने २०१० साली लोकांपुढे आणले.

त्यात आणखी एक अडचण होती. १९८२ पूर्वी बनलेल्या या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही अडकून बसे. म्हणजे काडतूस काढून रायफल रिकामी करावयाची तर आधी सेफ्टी काढावी लागे. शिकार संपवून, घरी निघताना, सर्वांत निर्धास्त क्षणी धोका उभा राही. २००० सालच्या ऑक्टोबरात माँटाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परत निघाले होते. आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढली आणि बार झाला. बोट चापावर नव्हते, असे तिने सांगितले. गोळी समोरच्या गाडीतून आरपार गेली आणि पलीकडे असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. त्या मुलाच्या बापाने पुढची कित्येक वर्षे या चापाविरुद्ध लोकमत जागे करण्यात घालवली. २००६-०७ मध्ये कंपनीने नवा चाप आणला; २०१४ मध्ये त्या नव्या चापातही जोडणीचा दोष निघाला म्हणून रायफली परत मागवल्या. जुन्या चापांबाबत सामुदायिक दाव्यात तडजोड होऊन सुमारे ७५ लाख रायफलींना फुकट चाप बदलून देण्याचे ठरले आणि २०१८ मध्ये ती तडजोड कायम झाली. नवलाची गोष्ट ही की इतक्या रायफलींपैकी फारच थोड्यांच्या मालकांनी ती सोय घेतली. इतकी वर्षे आपली रायफल कधी दगा देत नव्हती, असे बहुतेकांना वाटत असावे. त्या आईलाही त्या दिवसापर्यंत असेच वाटत असणार.

या हकिकतीवरून आम्ही यंत्राला किंवा कारखान्याला शिव्या देण्यास सांगत नाही. दोषी कोण याचा निवाडा कोर्टांनी आपल्या पद्धतीने केला आहे. आम्हांला यातून दिसते ते एवढेच की सेफ्टी हाही यंत्राचाच एक भाग आहे, आणि यंत्राचा कोणताही भाग केव्हा तरी दगा देऊ शकतो. नळीचे तोंड कोणीकडे आहे, ही एकच गोष्ट अशी आहे की ती यंत्राकडे सोपवता येत नाही. गाडीच्या पलीकडे कोण उभे आहे हे गोळीला ठाऊक नसते. दुर्बीण ते दाखवीत नाही, चाप ते जाणीत नाही.

तेव्हा कोणी परदेशस्थ मुलगा, भाचा आपल्याला विचारील की मित्र रायफल घ्यावयास सांगतात, काय घेऊ, तर त्याला क्रम सांगा. आधी, जावयाचे की नाही हे स्वतःच्या मनाला विचार. जावयाचेच असेल तर तेथील शिकारी-शिक्षणाचा वर्ग पुरा कर. मग गळ्यातली चांगली दुर्बीण घे. मग रायफलीवर उजेड देणारी, बेताच्या पटीची दुर्बीण मजबूत कड्यांत बसव. चाप खरखरत असेल तर जाणत्याकडून बदलून घे, पण रानात तो तीन पौंडांखाली नेऊ नकोस. आणि जुनी रायफल घेतलीस तर तिच्या चापाविषयी काही सूचना निघाली आहे काय, याची आधी चौकशी कर. उरलेले सारे पैसे काडतुसांवर नि मैदानावरच्या सरावावर खर्च कर. आणि जनावर भाकरीच्या बाहेर असेल, उजेड सरला असेल, किंवा पलीकडे काय आहे ते ठाऊक नसेल, तर रायफल खाली घे.

साधन सुधारले म्हणजे जबाबदारी किती हलकी होते, असा प्रश्न आम्ही आरंभी विचारला होता. आमचे उत्तर असे की ती मुळीच हलकी होत नाही; उलट वाढते. खरखरता चाप आणि अंधुक माशी माणसाला पावलोपावली अडवीत असत, थोडा विचार करावयास वेळ देत असत. हलका चाप आणि लख्ख काच ती अडचण दूर करतात. मग अडवण्याचे जे काम यंत्राने सोडले, ते माणसाने स्वतः अंगावर घ्यावे लागते. वाहन वेगवान झाले की हाकणाऱ्याने अधिक लांबवर पाहावे लागते, हे आपण रस्त्यावर रोज अनुभवतो. रायफलीच्या बाबतीतही न्याय तोच आहे, फरक इतकाच की तेथे चुकीला दुसरी संधी मिळत नाही.